कुंडीतला डोंगर : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात मी कुंडीतल्या अल्पाइन बागेबद्दल लिहिलं होतं. उंच पर्वतांवर एका रेषेच्या वर मोठी झाडं उभी राहू शकत नाहीत. तिथे खडकांच्या फटींत ज्या बुटक्या वनस्पती तग धरतात, त्या एका कुंडीत लावायच्या, डोंगराचा एक तुकडा उभा करायचा आणि तो प्रदर्शनात मांडायचा, असा तो विषय. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच द्यावं लागलं. सारखे प्रश्न मी एकत्र केलेत. पंचवीस वर्षं या कुंड्या करतेय आणि त्यातली बरीच वर्षं परीक्षक म्हणूनही टेबलांभोवती फिरलेय, तेव्हा खाली जे आहे ते या हातांनी केलेलं आणि या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

प्रश्न : ताई, कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा चार बोटं जाड थर दिला होता, वर चांगली सुपीक माती आणि कंपोस्ट. निचऱ्यात काहीच कमी ठेवलं नव्हतं. तरी दोन महिन्यांत रोपं बुंध्याशी काळी पडून गेली. चुकलं कुठे?

उत्तर : खापऱ्यांतच चुकलं. मलाही शिकवलं होतं तसंच, आणि पहिली चार-पाच वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. आता सांगते तो प्रयोग आजच करून बघा. भांडी घासायचा जाडसर स्पंज पाण्यात पूर्ण बुडवा आणि आडवा, सपाट धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. थेंब पडायचा पूर्ण बंद झाला की तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, त्यातली छिद्रंही तीच, बदलली ती फक्त उंची.

कुंडीतल्या मातीचंही असंच असतं. कितीही भोकं पाडा, तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक पट्टा उरतोच. तो किती जाड असेल हे मातीचे कण किती बारीक आहेत त्यावर ठरतं. बारीक मातीखाली मोठ्या खापऱ्या ठेवल्या की मातीतलं पाणी खापऱ्यांत सहजासहजी उतरत नाही, माती पूर्ण तुडुंब झाल्यावरच उतरतं. म्हणजे तुम्ही चार बोटं खापऱ्या घातल्यात तेव्हा तो ओला पट्टा चार बोटं वर उचललात, थेट रोपाच्या गळ्याजवळ, म्हणजे खोड मुळांना मिळतं तिथे, नेऊन ठेवलात. उथळ परळात तर हे अधिकच घातक, कारण तिथे मातीची उंचीच मुळात कमी असते.

उपाय असा की थर देऊ नका, सगळं मिश्रणच खडबडीत करा. माझं प्रमाण आहे दोन भाग बारीक खडी, एक भाग बागेतली माती, एक भाग पूर्ण कुजून चाळलेला पालापाचोळा. खडी ३ ते ५ मिलिमीटरची, कोनेदार, आणि धुऊन घेतलेली. हे धुणं कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. खडीतली भुकटी मिश्रणाच्या पोकळ्या बुजवते आणि मग सगळी मेहनत वाया. ताजं शेणखत, जोरदार कंपोस्ट यातलं काहीही नको. भोकावर फक्त जाळीचा तुकडा. मिश्रण तयार झालं की कुंडीत भरून वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी पृष्ठभागावर साचून घुटमळलं तर आणखी खडी घाला. ओतताक्षणी दिसेनासं झालं तर जमलं.

कुंडीची खोली १५ सेंटीमीटरपेक्षा कमी नको. वर रोप चार बोटांचं दिसतं, पण त्याची मुळं फटीफटीतून खोलवर ओलाव्याचा माग काढत जातात. सिलेने अकाउलिससारखी वनस्पती वर शेवाळाच्या गोळ्यासारखी बसलेली असते आणि खाली लांबलचक सोटमूळ सोडते. तिची मुळं ओल्यात आणि मान कोरडी, अशी तिची घडण आहे. म्हणून लावून झाल्यावर प्रत्येक रोपाच्या गळ्याभोवती दोन सेंटीमीटर नुसती खडी हवी. ती पानांच्या खाली सरकवा. मी त्यासाठी जुना चहाचा चमचा वापरते आणि विणकामाच्या सुईने खडे आत ढकलते.

प्रश्न : दगड सुंदर निवडले होते, पाच निरनिराळ्या रंगांचे. परीक्षकांच्या शेऱ्यात मात्र ‘दगड ठेवल्यासारखे वाटतात’ एवढंच लिहिलं होतं. दगड ठेवायचेच तर असतात ना?

उत्तर : दगड रुजवायचे असतात. शेरा तोकडा होता, पण बरोबर होता.

पाच रंगांचे पाच दगड एका डोंगरात सापडत नाहीत. एका कुंडीत एकाच जातीचा दगड घ्या, शक्य झालं तर एकच मोठा दगड फोडून त्याचेच तुकडे. म्हणजे रंग, पोत आणि थरांच्या रेषा आपोआप जुळतात. प्रत्येक तुकड्याचा निदान एक तृतीयांश भाग मातीत गाडा, निम्मा गाडलात तर उत्तम. वर दिसतोय तो खालच्या मोठ्या खडकाचा फक्त माथा आहे, असं वाटलं पाहिजे. थरांच्या रेषा सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेला, एकाच कलाने जायला हव्यात. आणि दगडाचा वरचा पृष्ठभाग किंचित मागे झुकलेला ठेवा, म्हणजे पडलेलं पाणी घरंगळून बाहेर न जाता मुळांकडे मुरतं.

माझा जीव सगळ्यात जास्त रमतो तो फटींच्या रचनेत. चेक बागप्रेमींनी ही पद्धत नावारूपाला आणली आणि तिथून ती जगभर गेली. चपटे दगड पुस्तकांसारखे उभे, एकमेकांना खेटून लावायचे, मधे एक-दोन सेंटीमीटरच्या फटी ठेवायच्या आणि त्या खडबडीत मिश्रणाने ठासून भरायच्या. पाणी फटीतून झपकन खाली जातं, गळा कोरडा राहतो आणि दगडाच्या अंगाला चिकटून खाली गारवा टिकतो. या फटीत मोठं रोप कोंबता येत नाही. छोटं घ्या, मुळांची माती पाण्यात हलवून काढून टाका, मुळं पट्टीवर पसरल्यासारखी चपटी करा आणि दगड लावता लावताच रोप लावत जा. आधी सगळे दगड रचून मग रोपं घुसवायला गेलात तर मुळं तुटतात. मी नेहमी एक दगड, एक रोप, चमचाभर मिश्रण, मग पुढचा दगड अशी जाते. एका ३० सेंटीमीटरच्या कुंडीला माझी अख्खी सकाळ जाते.

काम करताना दर थोड्या वेळाने कुंडी टेबलावर ठेवा आणि स्वतः खाली बसून डोळे कुंडीच्या काठाच्या पातळीवर आणा. वरून पाहिलं की आपल्याला नकाशा दिसतो, डोंगर दिसतो तो समोरून.

प्रश्न : दगडी द्रोणी, म्हणजे दगडात कोरलेली लांबट कुंडी, मिळत नाही. सिमेंटची केली तर प्रदर्शनात चालेल का?

उत्तर : चालेल, आणि त्यामागे चांगली परंपरा आहे. ब्रिटनमध्ये जुन्या दगडी द्रोणी आणि स्वयंपाकघरातली दगडी सिंक अडगळीत निघाली, तेव्हा बागप्रेमींनी त्यांत या वनस्पती लावायला सुरुवात केली. रोपवाटिका चालवणारे क्लॅरेन्स एलियट यांनी ती पद्धत लोकप्रिय केली. पुढे खऱ्या दगडी द्रोणी दुर्मीळ झाल्या आणि सिमेंट, वाळू व पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला-शेवाळ) मिसळून दगडासारखी दिसणारी हायपरटुफा द्रोणी आली. टुफा हा चुन्याचा सच्छिद्र खडक, त्याची ही नक्कल. एक भाग सिमेंट, एक भाग वाळू, दोन भाग पीट किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा, एवढ्यावर काम होतं. सिमेंटला हातमोजे घालूनच हात लावा. तळाला भोकं साच्यातच ठेवा, नंतर पाडायला गेलात तर तडा जातो. अर्धवट सुकल्यावर तारेच्या ब्रशने कडा खरवडा. काही आठवडे ओलसर ठेवून पक्की होऊ द्या आणि लागवडीआधी पुन्हा पुन्हा पाण्याने धुवा, नाहीतर सिमेंटचा क्षार मुळांना जाळतो.

प्रश्न : कोणती रोपं घ्यावीत? मी पाहिलेल्या एका कुंडीत वर्षभरात एकाच वेलीने सगळ्यांना गिळून टाकलं होतं.

उत्तर : फूल बघून रोप घेतलं की हेच होतं. आधी विचारायचं ते वाढीच्या वेगाबद्दल. सेडम अ‍ॅक्रे, सेरास्टियम, ऑब्रिएटा ही मोठ्या खडकबागेत शोभतात, कुंडीत ती शेजाऱ्यांना जगू देत नाहीत. सगळी रोपं साधारण एकाच चालीने चालणारी हवीत.

मला पहिलं एकच रोप निवडायला सांगितलं तर मी चंदेरी सॅक्सिफ्रागा घेईन, म्हणजे सॅक्सिफ्रागा पॅनिक्युलाटाची बुटकी रूपं. सॅक्सिफ्रागा या नावाचा लॅटिन अर्थच ‘दगड फोडणारी’. एखादं पान भिंगाखाली धरून बघा. कडेवर दातऱ्यांसारख्या बारीक खाचा दिसतील आणि प्रत्येक खाचेपाशी पांढरा ठिपका, जणू कुणी सुईच्या टोकाने चुना लावत गेलंय. तो खरंच चुना आहे. पानाच्या कडेच्या सूक्ष्म छिद्रांतून वनस्पती चुना विरघळलेलं पाणी बाहेर टाकते, पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. ओल्या कापडाने पान पुसून चकचकीत करण्याचा मोह कुणालाही होऊ नये म्हणून हे इतक्या तपशिलात लिहितेय. प्रदर्शनात अशी ‘स्वच्छ’ केलेली सॅक्सिफ्रागा मी पाहिली आहे. तिचं सगळं रूप पुसून गेलं होतं.

तिच्या जोडीला सेम्पर्व्हायव्हमच्या अगदी छोट्या जाती घ्या, खास करून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पांघरणारी अ‍ॅरॅक्नॉइडियम. हिचा एक नियम लक्षात ठेवा : ज्या रोझेटला, म्हणजे पानांच्या ज्या गोल चक्राला फूल येतं, ते फुलून झालं की मरतं. घाबरू नका, भोवतीची पिल्लं ती जागा भरून काढतात. पण प्रदर्शनाच्या वर्षी मधोमधचंच रोझेट फुलावर आलं तर पुढे तिथे खड्डा पडणार हे धरून चाला.

उशीसारखी वाढणारी रोपं, म्हणजे ड्राबा, अँड्रोसॅसी, सिलेने अकाउलिस, हा या कुंड्यांचा खरा जीव. शेकडो फुटवे इतके दाटीने उभे असतात की वारा आत शिरत नाही. उन्हात उशीच्या आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांनीही जास्त असू शकतं. स्वतःची गळलेली पानं ती आतच साठवते, तिथेच कुजवते आणि त्यावरच जगते. रानात सिलेनेच्या काही उशा शंभराहून अधिक वर्षांच्या असतात. अशा रोपाला तुमच्या कुंडीत वर्षाला सेंटीमीटरभर वाढायला लावलंत तरी ते खूप झालं.

उंची हवीच असेल तर जुनिपेरस कम्युनिसची ‘कॉम्प्रेसा’ ही जात. मेणबत्तीसारखी सरळ, अतिशय सावकाश वाढणारी. कोरड्या हवेत तिला लाल कोळी लागतो, म्हणून पानांची मागची बाजू अधूनमधून बघत जा. एका कुंडीत एकच लावा.

चुन्याचा मेळ मात्र आधीच बघा. जेन्शियाना सायनो-ऑर्नाटाला चुना अजिबात सोसत नाही आणि चंदेरी सॅक्सिफ्रागा चुन्याच्या दगडावर खुलते. या दोघी एका कुंडीत सुखाने नांदणार नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे बर्फ पडत नाही, उन्हाळा कडक असतो. हा नाद आम्ही सोडूनच द्यावा का?

उत्तर : सोडू नका, पण रोपांची यादी बदला. या वनस्पतींना उन्हाचं भय नाही, उंचावर ऊन प्रखरच असतं. त्यांना मारते ती उबदार रात्र. दिवसा कमावलेलं अन्न वनस्पती रात्री श्वसनात खर्च करते आणि रात्र जितकी गरम तितका खर्च जास्त. थंड रात्रींवर पोसलेलं रोप गरम रात्रींत हळूहळू कंगाल होतं. त्यात दमट हवा असली की उशीच्या आत बुरशी धरते.

म्हणून अँड्रोसॅसी आणि डायोनिसिया या उशीसारख्या रोपांवर पैसे घालवू नका, मला असं तोडून सांगताना वाईट वाटतं तरी सांगते. कोरडी उष्णता असेल तर सेम्पर्व्हायव्हम, बुटके सेडम आणि जमिनीलगत पसरणारा थाइम यांच्यावर फार देखणी कुंडी होते. मातीची कुंडी दुसऱ्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा, मधल्या जागेत वाळू भरा आणि पाणी त्या वाळूला द्या. वाळूतलं पाणी उडताना आतली मुळं गार राहतात. दुपारच्या उन्हाला आडोसा करा, सकाळचं ऊन मिळू द्या. आणि दगड जास्त, रोपं कमी. रोपांची गर्दी नसली तरी दगड नीट रुजलेले असले की डोंगर पूर्ण वाटतो.

बर्फाबद्दल एक गैरसमज पत्रांत वारंवार दिसला. बर्फाने रोप गारठतं असं नाही. बर्फाखाली ते शून्य अंशाच्या आसपास, वाऱ्यापासून सुरक्षित आणि मुख्य म्हणजे कोरडं झोपलेलं असतं. जिथे हिवाळा थंड पण बर्फाऐवजी पावसाचा असतो, तिथे हीच रोपं सडतात. अशा ठिकाणी कुंडीवर काचेचं छप्पर द्या, बाजू मोकळ्या ठेवा.

प्रश्न : पाणी रोज द्यावं का?

उत्तर : दिवस मोजू नका. खडी बाजूला सारून बोट मिश्रणात खुपसा, दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तर द्या. दिलंत तर सगळं मिश्रण भिजेपर्यंत द्या. वरून पानांवर नको, कुंडी पाण्याच्या टबात अर्ध्यापर्यंत बुडवून वरची खडी ओलसर दिसली की लगेच बाहेर काढा.

प्रश्न : प्रदर्शनाआधीच्या आठवड्यात काय काय करावं? परीक्षक नेमकं काय बघतात?

उत्तर : आठवड्यात फक्त साफसफाई होते, प्रदर्शनाची तयारी दोन-तीन वर्षं आधी सुरू होते. हे मी एका वाईट अनुभवातून शिकले. सुरुवातीच्या काळात एका प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी माझ्या कुंडीतली दोन रोपं पडेल दिसायला लागली. मी घाईने फुलांनी लगडलेली दोन तयार रोपं आणून त्या जागी बसवली. परीक्षकांनी वाकून एका रोपाच्या कडेला नखाने हलकेच टेकवलं. रोप अख्खं हललं, खालची नवी माती दिसली. त्या काही बोलल्या नाहीत, पुढच्या कुंडीकडे गेल्या. मी टेबलाच्या पलीकडे उभी होते. त्या दिवसानंतर मी प्रदर्शनाच्या वर्षी कुंडीत एकही नवं रोप लावलेलं नाही.

आता मी स्वतः परीक्षण करते तेव्हा फुलांकडे सगळ्यात शेवटी बघते. आधी रोपं कुंडीत रुजलीत का, उशी दगडाच्या अंगावर चढायला लागली आहे का, हे बघते. रोप दगडाला बिलगलं की समजावं, ही बाग जगलेली आहे. मग प्रमाण. २५ सेंटीमीटरच्या कुंडीत मोठ्या फुलाचं एकच रोप असलं तरी डोंगराचा एकदम गालिचा होतो. मग दगड, मग निगा.

आठवड्यातली कामं अशी. वाळलेली पानं आणि सुकलेली फुलं बारीक चिमट्याने एकेक काढा. ओढू नका, उशीचा फुटवा सोबत येतो. मऊ रंगब्रशने पानांवरचे खडे झटका. कुंडीबाहेरचे क्षाराचे पांढरे डाग घासा, पण काठावरचं जुनं शेवाळ राहू द्या. ताजी खडी दगडाच्याच रंगाची आणि वेगवेगळ्या आकाराची घाला, मोठे तुकडे दगडांच्या पायथ्याशी आणि बारीक लांब, कारण डोंगरावर दगड झिजून असेच पसरतात. सगळी खडी एकाच मापाची असली की चौकोनी फरशी घातल्यासारखं दिसतं. वाढीच्या काळात कुंडी दर तीन-चार दिवसांनी पाव फेरा फिरवत असाल तर उशी गोल राहिलेली असेल. नसाल फिरवत, तर आता काही करता येणार नाही, पुढच्या वर्षीसाठी आजपासून सुरू करा.

नियमपत्रक मात्र पहिल्याच दिवशी वाचा, शेवटच्या नाही. कुंडीचं माप बाहेरून मोजायचं की आतून, हे त्यातच लिहिलेलं असतं. ब्रिटनमधल्या अल्पाइन गार्डन सोसायटीच्या प्रदर्शनांत, ही संस्था १९२९ सालची, एकेका रोपाच्या विभागांसाठी १९ आणि ३६ सेंटीमीटर अशा कुंडीच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. तिथल्या सर्वोत्तम रोपाला फॅरर पदक मिळतं, ते खडकबागांचे मोठे जाणकार आणि वनस्पती-संग्राहक रेजिनाल्ड फॅरर (१८८०–१९२०) यांच्या नावाचं. त्या पदकाच्या रोपांची छायाचित्रं बघा. कितीतरी रोपांमागे दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांची जोपासना असते.

प्रश्न : छोटं घर, पूल, माणसं ठेवली तर शोभा वाढेल ना?

उत्तर : काही प्रदर्शनांत चालतं, नियमपत्रक बघा. मी ठेवत नाही आणि सल्लाही देणार नाही. मातीचं इवलंसं घर ठेवलं की नजर आधी घरावर जाते आणि सॅक्सिफ्रागा त्या घराच्या अंगणातलं गवत होते.

प्रश्न : पाच वर्षांच्या ड्राबाच्या उशीवर मधोमध तपकिरी डाग पडलाय. रोप गेलं असं समजू का?

उत्तर : नाही, अजिबात नाही. आजच कामाला लागा. डाग बोटाने हलके दाबा. कोरडा, करकरीत लागला तर तो भाग तहानेने किंवा उन्हाच्या चटक्याने गेलाय. मऊ, ओलसर लागला तर कूज आहे आणि ती पसरते.

कुजलेला भाग धारदार, स्पिरिटने पुसलेल्या पात्याने हिरव्या फुटव्यांपर्यंत कापून काढा. थोडे निरोगी फुटवे गेले तरी चालतील. आत डोकावून बघा, मुळांवर पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर पिठ्या ढेकूण आहे. पांढरी, वाकडी, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ती मुळं खाणाऱ्या भुंग्याची आहे. दोन्ही प्रकारांत रोप बाहेर काढून मुळं धुवावीच लागतील आणि मिश्रण पूर्ण बदलावं लागेल. काही नसेल तर पोकळी धुतलेल्या बारीक खडीने काठोकाठ भरा, म्हणजे कडेचे फुटवे त्यावर टेकून आतल्या बाजूला वाढायला लागतात. सहा आठवडे त्या जागी वरून थेंबभरही पाणी पडू देऊ नका.

माझ्याकडे चौदा वर्षांची एक सॅक्सिफ्रागाची उशी आहे. सातव्या वर्षी तिच्यावर रुपयाएवढा डाग पडला होता. मी तो कापला, खडी भरली आणि त्या जागी एक चपटा दगड तिरका रोवला. दोन वर्षांत उशीने दगडाला तिन्ही बाजूंनी कवेत घेतलं. आता प्रदर्शनात लोक विचारतात, हा दगड इतका नेमका कसा बसवलात. तुमच्या ड्राबालाही असा एक दगड शोधून ठेवा, अंगठ्याच्या नखाएवढा पुरे.